फुटक्या जात्याची तळी

"नुसतं हात धुतलं म्हंजी झालं व्हय?" रतनबाईचा आवाज आता अंगण ओलांडून शेजारच्या नंदाबाईच्या ओट्यापर्यंत पोचत होता. "त्या माळावरच्या मातीचा हात माज्या लेकीच्या अंगाला लागायचा न्हाई. मागल्या खेपंला लागला तेवढा बास झाला."

भांडण सकाळी न्याहारीला सुरू झाले होते. मध्ये दोनदा थांबले. एकदा बाया पाण्याला गेल्या तेव्हा, आणि एकदा बजरंग लोणावळ्याहून आला तेव्हा. दोन्ही वेळा रतनबाईने घोटभर पाणी पिऊन जिथे सोडले होते तिथूनच पुन्हा सुरुवात केली.

धोंडाबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिचा उजवा पाय गुडघ्यात कायमचा आखडलेला होता. त्यामुळे ती पाटावर एका अंगाने कलून बसे आणि उठताना बाजूच्या मेढीला धरून उठे. विहिणीचे प्रत्येक वाक्य तिला ऐकू येत होते, आणि त्यातले एकही नवे नव्हते. गेली वीस वर्षे गाव हे तिच्या पाठीमागे बोलत होते. आज ते घरात, तोंडावर बोलले जात होते, एवढेच. राग यायला हवा होता, पण रागावायलाही अंगात काही शिल्लक लागते. तिला फक्त कुठेतरी पाठ टेकायची होती.

रतनबाई सुदुंबऱ्याची. तिची लेक शालू धोंडाबाईच्या एकुलत्या मुलाला, बजरंगाला, दिलेली. शालूला सातवा सरत आला होता आणि रतनबाई तिला बाळंतपणाला न्यायला आली होती. एवढे रीतीला धरूनच होते. रीतीला सोडून होते ते तिचे पुढचे म्हणणे. मूल झाल्यावरही शालूला ती या घरी धाडणार नव्हती. आधी धोंडाबाईने भैरवनाथापुढे उभे राहून गुरवाकडून कौल लावून घ्यायचा. कौल कशाचा, तर आपण तरस होत नाही याचा.

उंबरदऱ्यात दात न आलेले मूल गेले तर त्याला जाळत नसत, गावामागच्या टेपाडावर पुरत. त्या जागेला पोरांचा माळ म्हणत. पुरायला बापे जात, बायांनी तिकडे पाऊल टाकायचे नाही असा दंडक होता. आणि धोंडाबाई रोज दिवेलागणीच्या आधी तिकडे जाई. तरसही त्याच सुमाराला तिकडे फिरे. या दोन गोष्टी शेजारी ठेवून गावाने त्यांची एक गोष्ट केली होती.

"आन ती जात्याची तळी कुटं गेली?" रतनबाईने आता नवा मुद्दा काढला. "जातं फुटलं, वरची तळी भंगली, मान्य हाय. खालची धड व्हती. दारात पडली व्हती, मी सोता बघितली व्हती मागल्या साली. दोघांना उचलंना असली चीज. माझी शालू म्हणती, एक दिस व्हती आन एक दिस न्हाई. घरात दुसरं कोन हाय हो पावणं, तसल्या ताकदीचं? म्हातारपणाकडं झुकल्याली बाई, त्यात पाय असा. हे बळ माणसाचं न्हवं."

पावणं म्हणजे धोंडाबाईचा नवरा हौशीराम. तो ओसरीवर वाखाचा दोर वळत बसला होता. सकाळपासून त्याने वीतभर दोर वळला होता आणि तेवढाच उलगडला होता. शालू आतल्या दाराच्या चौकटीला टेकून, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी होती. भांडण तिच्यावरून चालले होते, पण तिने अजून एक शब्द काढला नव्हता. बजरंग खाकी सदऱ्याची बटणे सोडीत दोघींच्या मध्ये कुठे बसावे ते पाहत होता.

"बोला की, पावणं," रतनबाई म्हणाली. "तुमी एवढी वर्सं संसार केलाय. तुमाला काय ठावं हाय ते सांगा, मी गप बसते."

हौशीराम दुष्ट माणूस नव्हता. तो नुसता कंटाळला होता. सकाळपासून त्याला भाकरी मिळाली नव्हती, आणि हे प्रकरण काहीतरी बोलल्याखेरीज मिटत नाही असे त्याला दिसत होते.

"आता इचारताच तर सांगतो," तो दोरावरची नजर न काढता म्हणाला. "तिनं मला सोता सांगितलंय. लय वर्सं झाली. मी इचारलं, लोक म्हणत्यात तू तरस व्हतीस, खरं का? तर म्हणली, व्हय."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा धोंडाबाईने ती उलटली.

"आये," बजरंग म्हणाला, "म्हणलीस तू असं?"

"म्हणले," धोंडाबाई म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

म्हणाली होती, हे खरेच होते. कशापायी म्हणाली, हे त्या घरात कोणी विचारले नाही, आणि सांगायचे म्हटले तर फार मागे जावे लागले असते. पार नारूपर्यंत.

धोंडाबाईचे माहेर पूर्वेच्या कोरड्या मुलखातले. तिथल्या पायविहिरीचे पाणी पिऊन निम्म्या गावाला नारू होई. पायाला फोड येऊन फुटे आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोके काढी. तो काडीला गुंडाळून रोज दोन बोटे, अगदी हळू, बाहेर ओढायचा. धोंडा नऊ वर्षांची असताना तिच्या गुडघ्याशी तो निघाला. ओढायचे काम चुलतीकडे होते. पाचव्या दिवशी चुलतीला बाजाराला जायची घाई होती. तिने अंमळ जास्त ओढला आणि तो आतच तुटला. गुडघा कलिंगडाएवढा सुजला. तीन महिन्यांनी धोंडा अंथरुणातून उठली तेव्हा तो सरळ होईना, तो कधीच सरळ झाला नाही. चालताना प्रत्येक पावलाला तिचे अंग मागच्या बाजूने खाली जाई आणि पुढून वर येई. लंगडी पोरगी जवळपास कोणी करीना, म्हणून तिला दूर पवन मावळात, लोहगडाच्या अंगाच्या उंबरदऱ्यात दिली. तिथे घर सोडून कुठेही जायचे म्हटले तरी चढ किंवा उतार.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. कार्तिक महिना होता, भात कापायला आले होते आणि कापायला माणूस नव्हता. एका आठवड्यात गावातली अकरा माणसे गेली. लाकूड फोडायला उभा राहील असा गडी घरात नसे. मोठ्यांना अर्धेमुर्धे जाळले, लहानांना हाताला येईल तेवढ्या खड्ड्यात ठेवले. दऱ्यांतली तरसे वासाने वर आली आणि त्या साली ती उन्हातसुद्धा दिसू लागली. धोंडाबाईला तापात शुद्ध नव्हती. तीन महिन्यांची मुलगी तिच्या कुशीतून कधी उचलून नेली ते तिला कळले नाही. कळले ते तिसऱ्या दिवशी. आठव्या दिवशी ती भिंतींना धरत उठली आणि दंडक मोडून माळावर गेली.

माळावर खड्डा उकरलेला होता. वर टाकलेले बोरीचे काटे एका बाजूला ओढलेले होते, काट्यांवर ठेवलेले दगड उतारावर घरंगळलेले होते. करवंदीच्या जाळीला मुलीची कुंची अडकली होती. ती तिने सोडवली. रिकामा खड्डा हातांनी बुजवला. का बुजवला ते तिलाही सांगता आले नसते. उतरता उतरता दिवस मावळला. पायवाटेवर नंदाबाई घागर घेऊन समोर आली. तापाने गळालेले, पिंजारलेले केस, कोपरापर्यंत माती, हातात मेलेल्या पोराची कुंची, आणि दर पावलाला मागून खाली जाणारे ते अंग. नंदाबाईने घागर टाकली आणि ती पळत सुटली.

नंदाबाईला धोंडाबाईने कधी बोल लावला नाही. आपण तिच्या जागी असतो तर आपणही पळालो असतो, असे तिला वाटे.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. आधी आपल्याच खड्ड्यावर दगड ठेवायला, मग बाजूच्या, मग साऱ्याच. उकरलेले खड्डे बघून बघून तिला कळले की बापे उलटे करतात. खाली काटे, वर दगड, अशी त्यांची पद्धत. काट्यांवर दगड बसतच नाही. तरसाने एक फांदी ओढली की सगळे दगड घरंगळतात. आधी मातीवर चपटे दगड, त्यावर काटे, आणि काटे उडू नयेत म्हणून वर पुन्हा दगड, असे केले तर जनावर दोनदा नख मारून निघून जाते. ही गोष्ट तिने हौशीरामाला सांगितली होती. त्याने बरे म्हटले होते. पण पुरायला गेलेल्या माणसांना तिथे थांबावेसे वाटत नाही. काटे टाकले, दगड फेकले, आंघोळीला ओढ्यावर. बाईने सांगितलेली रीत ऐकत कोण बसणार.

गावात बोलणे वाढायला फार काही लागले नाही. तरसाचा पुढचा भाग उंच, मागचा बसका. ते पळाले तरी लंगडतेय असे वाटते. हरभऱ्याच्या राखणीला बसलेल्या माणसाने संध्याकाळच्या उजेडात टेपाडावर असे काही बघितले की तो म्हणे, चाल ओळखीची होती. कधी ते तरस असे, कधी खरेच धोंडाबाई असे. तिचा हात एकदा कुत्र्याने फाडला, तर त्याच दिवशी कोणाच्या तरी काठीचा फटका तरसाला बसल्याचे आठवणारे निघाले. गावात मूल आजारी पडले की ती आधी माळावर नजर टाकून येई, जागा आहे का पाहायला. मूल दगावले की लोकांना तिचे आधी जाणे आठवे. पूर्वी ती बाळंतपणेही करी. हळूहळू तिला बोलावणे बंद झाले.

मारण्याची गोष्ट साथीनंतर तीनेक वर्षांनी घडली. ती माळावरून उशिरा आली होती आणि चूल पेटली नव्हती. हौशीरामाने बैलाची पराणी उचलली. ती त्याने आधीही उचलली होती, दोन-चार महिन्यांतून एकदा, इतर घरांत होई तसेच. त्या दिवशी मारायच्या आधी त्याने विचारले, लोक म्हणतात ते खरे का. धोंडाबाईच्या हातात ओले सरपण होते. तिचा गुडघा ठणकत होता. नाही म्हणायला सगळे सांगायला लागले असते, नारू, कुंची, दगड, सगळे. तेवढा दम तिच्यात नव्हता. ती म्हणाली, "व्हय. आन आता मारा."

हौशीरामाने पराणी कोपऱ्यात ठेवली. ती त्याने नंतर बैलांसाठीच उचलली. सतरा वर्षे त्या एका शब्दावर त्यांचा संसार बरा चालला. त्याला भ्यायला काहीतरी मिळाले होते आणि तिची पाठ शाबूत राहिली होती. एवढे स्वस्तात मिळालेले कोण परत करतो? गावातली पोरे तिच्या पावट्याच्या शेंगांना हात लावीत नसत, तेही तिला चाले.

आज तो शब्द परत आला होता, आणि तो आणणाराही तोच होता ज्याच्यासाठी तो उच्चारला होता.

बजरंगाने मग मिटवामिटवीला सुरुवात केली. तो लोणावळ्याच्या लोको शेडमध्ये फिटरच्या हाताखाली होता. तिथे चार मुलखांची माणसे भेटत, त्यामुळे आपल्याला जग कळते असे त्याला वाटे. तो सासूला म्हणाला की असल्या गोष्टी सगळीकडेच असतात. त्यांच्या गाडीवरचा एक गोरा गार्ड सांगत होता, त्यांच्या विलायतेत म्हणे माणसे पुनवेला लांडगा होतात, अंगावर केस येतात, आणि सकाळी परत माणूस. तिकडे इतकी शिकलेली माणसे, तरी लोक मानतात. तेव्हा आपल्याकडे मानले तर काय नवल, आणि मानले म्हणून ते खरे थोडेच.

रतनबाईने यातून एवढेच घेतले की गोऱ्यांच्या देशातसुद्धा हे होते. म्हणजे खरेच असले पाहिजे.

"त्या लांडग्यांच्या बी पायात नारू मोडला असंल," धोंडाबाई चुलीकडे तोंड करून म्हणाली.

शालूच्या ओठांच्या कडेला काहीतरी हलले. बाकी कोणाला सासूचे बोलणे ऐकू गेले नाही, किंवा कळले नाही.

शेवटी ठरले ते असे. आज शनिवार. बुधवारी गुरव मोकळा होता, तेव्हा कौल लावायचा. फूल उजवीकडे पडले तर शालू बाळंत होऊन परत येईल, डावीकडे पडले तर पुढचे पुढे. तोवर धोंडाबाईने अंगणाबाहेर पाऊल टाकायचे नाही, आणि रतनबाईने इथेच राहून ते डोळ्यांनी पाहायचे. बजरंगाला हा तोडगा फार आवडला. आईला फक्त चार दिवस घरात बसायचे होते, यात कोणाचे काय जात होते? "इसावा घे जरा, आये," तो म्हणाला. "न्हाईतरी लय दमतीस." रविवारी संध्याकाळी तो कामशेतला जाऊन रेल्वेने लोणावळ्याला कामावर गेला.

धोंडाबाईने हो म्हटले होते. शालूच्या पोटातले मूल तिला हातात घ्यायचे होते, एवढी एकच गोष्ट तिला आता हवी होती. शालूचे पहिले मूल आठव्यातच झाले, माहेरी न्यायच्या आधी. त्याची नाळ तिने कापली आणि नऊ दिवस त्याला कापसात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवले. दहाव्या दिवशी हौशीराम आणि बजरंग त्याला माळावर घेऊन गेले. हे दुसरे सुदुंबऱ्याला जन्मून तिथेच वाढले असते, तर तिला त्याचे तोंडही दिसले नसते. त्यापुढे चार दिवस अंगणात बसणे काही मोठे नव्हते.

पण रविवारीच अंबाजीची नात गेली. अंबाजीचे घर दोन घरे सोडून. हा तोच माणूस, जो धोंडाबाई वाटेत दिसली की आपली गुरे दुसरीकडे वळवी. पोरीला चार महिने झाले होते, खोकल्याने आठ दिवस हैराण होती. बापे दुपारी माळावर जाऊन आले. धोंडाबाई उंबऱ्यापर्यंत गेली, तर रतनबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेली होती, आणि ती हलली नाही.

हौशीराम ओढ्यावरून आंघोळ करून आला, तेव्हा धोंडाबाईने विचारले, "दगड किती ठेवलं?"

"ठेवलं की."

"किती?"

त्याने दोन्ही हातांनी एक ढीग दाखवला. भाताच्या पाटीएवढा.

"आन काटं?"

"काटं खाली, दगड वर. नेहमीवानी."

"उद्या सकाळी जावा आन उलटं करून या," ती म्हणाली. "आधी चपटं दगड. मग काटं. मी गेले असते, पर ह्यांनी मला बसवलंय."

हौशीराम बरे म्हणाला. सोमवारी सकाळी पेंढ्याची गाडी भरायला माणूस आला आणि त्याच्या डोक्यातून ते गेले. संध्याकाळी धोंडाबाईने आठवण केली, तर म्हणाला, आता अंधार पडतो, उद्या बघू. त्या दोन-तीन दिवसांत तिला खरोखरच विसावा मिळाला होता. पाठ टेकायला मिळाली होती. पण पाठ टेकली की डोळ्यांपुढे माळ येई. कुठला दगड सैल आहे, कुठली माती नवी आहे, हे तिला घरात बसून दिसत होते. रतनबाईने आपले अंथरूण दारात आडवे घातले होते. बाहेर जायचे तर तिला ओलांडूनच जावे लागले असते.

मंगळवारी सकाळी गुराख्याने येऊन सांगितले की अंबाजीच्या नातीचा खड्डा उकरलेला आहे.

अंबाजी स्वतः आला. अंगणात उभा राहिला. रडत नव्हता, ओरडतही नव्हता. डोक्याला गुंडाळायचे फडके त्याने हातात धरले होते आणि ते तो पिळत होता, जसे धुवून आणलेले असावे.

"धोंडाबाई," तो म्हणाला, "तुमी का गेला न्हाईत?"

वीस वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. धोंडाबाई मेढीला धरून उठली. रतनबाईनेही तांदळातले हात बाहेर काढले.

"समद्यांच्या पोरांवर ठेवता की," अंबाजी म्हणाला. "आमाला काय ठावं न्हाई व्हय. तुमी ठेवता म्हणून तर आमी चार धोंडं टाकून माघारी येतो. माज्याच नातीला का न्हाई?"

म्हणजे हे सगळ्यांना माहीत होते. धोंडाबाईने अंबाजीकडे पाहिले आणि मग हौशीरामाकडे. तो खाली मान घालून उभा होता. ती दगड ठेवते हे माहीत होते, आणि ती तरस आहे हेही माहीत होते. दोन्ही एकाच डोक्यात, शेजारी शेजारी, एकमेकांना न टोचता राहिली होती.

रतनबाई मात्र गडबडली होती. आपण राखण केली, बाई घरात होती, आणि तरस तर आले. ती तसे काहीतरी पुटपुटली. तेवढ्यात कुडापलीकडून नंदाबाईचा आवाज आला. ती ऐकत उभी होती.

"घरात व्हती म्हंजी काय झालं?" नंदाबाई म्हणाली. बोलण्यात वैर नव्हते, माहिती सांगावी तसे ती सांगत होती. "कुडी घरात निजून ऱ्हाती. जे जायाचं ते जातं. कोंडून ठिवलं तर जास्तीच खवळतं, अशी रीत हाय त्याची. माजी सासू सांगायची."

रतनबाईचा चेहरा थोडा सैल झाला. हे तिला पटण्यासारखे होते.

धोंडाबाई मेढीला धरून उभी होती. एकजण विचारत होता का गेली नाहीस, आणि दुसरी सांगत होती की गेलीच होतीस. माळावर गेली तरी ती तरस होती आणि घरात बसली तरी तरसच होती. बुधवारी फूल उजवीकडे पडले असते तर कोणीतरी म्हणाले असते की देवाला भूल घातली. हे सगळे तिला इतके स्पष्ट दिसले की तिला वाईटही वाटले नाही. बाजारातून पाच कोस चालत यावे आणि आपण चुकीच्या गावात आलो असे कळावे, तसे नुसते थकून गेल्यासारखे झाले.

अंबाजी गेला. हौशीराम त्याच्याबरोबर कुदळ घेऊन गेला. नंदाबाई आपल्या कामाला लागली. रतनबाई आत जाऊन लेकीचे लुगडे गाठोड्यात बांधू लागली. उद्याचा कौल झाला की लगेच निघायचे, असे तिने ठरवले होते.

शालू चुलीजवळ आली. चालताना तिने पोटाखाली हात धरला होता. चार दिवस तिच्यावरून एवढे झाले होते आणि ती तोंड उघडत होती ती आत्ता.

"आत्ती," ती म्हणाली, "माजं कुटं हाय?"

धोंडाबाईने तिच्याकडे पाहिले. दीड वर्षात हे तिला कोणी विचारले नव्हते. ज्यांनी पुरले त्या बापाने आणि आजोबाने शालूला सांगितले नव्हते. बायांनी विचारायचे नाही, असेच ठरलेले.

"करवंदीच्या जाळीपासनं तिसरं," ती म्हणाली. "उगवतीच्या अंगाला. वर जात्याची तळी हाय."

शालू तिच्याजवळ खाली बसली.

"लहान दगड मला बरं वाटंनात," धोंडाबाई म्हणाली. "नऊ दिसांचं. खड्डा बी उथळ केला व्हता ह्यांनी. मग ती खालची तळी सुचली. उचलत न्हवती, दोरी बांदून वढत न्हेली. एक दिस वढ्यापतुर, दुसऱ्या दिशी निम्म्या चढावर, तिसऱ्या दिशी वर. तवापासनं पाठ धरली ती धरलीच. पर ती तळी तरसाला हलत न्हाई. मी बघून आले रोज. नख मारल्यात कडंनं, आत गेलं न्हाई."

आतल्या खोलीत गाठोडे बांधायचा आवाज थांबला होता. रतनबाई दारात येऊन उभी राहिली होती. "म्हंजी ती तळी..." ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने शालूला हाक मारली, लुगड्यांतले कुठले ठेवायचे ते सांग म्हणून. शालू उठली नाही. तिने परात जवळ ओढली, त्यात पीठ घेतले, आणि सासूच्या बाजूला बसून ती पीठ मळू लागली. पीठ मळताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होते आणि ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. धोंडाबाईने पदराने तिचे तोंड पुसले. रतनबाई ते पाहत उभी राहिली, आणि तो हात लेकीला लागू नये असे ती म्हणाली नाही.

हौशीराम दुपारी माळावरून आला. आंघोळ करून, केस ओले, मान खाली. दाराशी येऊन तो म्हणाला की खड्डा बुजवला, दगड ठेवले, पण किती बसतील सांगता येत नाही. अंबाजी विचारत होता, धोंडाबाई एकदा येऊन बघून जातील का. आज संध्याकाळी आल्या तर बरे.

धोंडाबाईने चौघांची पाने वाढली. रतनबाईचे, शालूचे, नवऱ्याचे, आपले. भाकरी, पावट्याची उसळ, कांदा. सगळे बसल्यावर ती मेढीला धरून हळूच खाली बसली, आखडलेला पाय एका बाजूला घेतला, आणि कोणाकडे विशेष न पाहता बोलली.

"उद्या कौल न्हाई. गुरवाला निरोप धाडा. माळावर आजपासनं मी जाणार न्हाई, हे जातील. आधी चपटं दगड, मग काटं, मग दगड, आन अंबाजीला बी हेच शिकवतील. शालू आठव्यात गाडीत बसायची न्हाई, ती हितंच बाळंत व्हील. रतनबाईंनी तोवर हितंच ऱ्हावं. नाळ मी कापीन. बजरंगाला शनवारी सांगा."